उघड्या चेहऱ्याचा हुकूम

दिवा तिकडेच असू द्या, माझ्याकडे सरकवू नका. गोष्ट ऐकायला उजेड कशाला लागतो?

त्या सकाळचं काम अगदी साधं होतं. छावणीच्या भांडारात जायचं, तोंडावरचं फडकं जमा करायचं आणि वहीत सही करायची. काळं सुती फडकं, डोळ्यांखालून हनुवटीपर्यंत झाकणारं. भांडारपालाने ते चिमटीत धरून खोक्यात टाकलं. आत आधीची चार फडकी होती, त्यातलं एक मास्तरांचं.

मी परक्या फौजेचा दुभाषा होतो. त्यांचं बोलणं आमच्या लोकांना सांगायचं, आमच्या लोकांचं त्यांना. अर्ध्या शहराच्या लेखी ही गद्दारी होती, आणि गद्दाराचं काय करणार ते भिंतीभिंतींवर रंगवलेलं होतं. आईलासुद्धा मी शीतगृहात कारकून आहे असंच सांगितलं होतं. छावणीत तोंडावर फडकं, आणि फडकं काढलं की तोंडात खोटं. कुणाशी दोन शब्द मोकळेपणी बोलल्याला किती दिवस झाले, ते मी मोजणं सोडून दिलं होतं.

मग नवे मोठे साहेब आले आणि त्यांनी हुकूम काढला. दुभाष्यांनी तोंड झाकायचं नाही. तोंड चोर झाकतात, उघडा चेहरा दिसला की लोकांचा विश्वास बसतो. पटत नसेल त्याने नोकरी सोडावी. साहेब हे सगळं डोक्यावर लोखंडी टोप घालून, चिलखती गाडीला टेकून सांगत होते.

तो हुकूम आमच्या भाषेत वाचून दाखवायचं काम मास्तरांकडे आलं. मास्तर आमच्यातले सगळ्यात जुने. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे, आणि हे दुभाष्याचं काम मला त्यांनीच शिकवलं होतं. बोलण्याआधी दोनदा खाकरायची त्यांची खोड होती. त्यांनी हुकूम शब्दन् शब्द वाचला, मग दोनदा खाकरून म्हणाले, "साहेब, तुम्ही सहा महिन्यांनी घरी जाल. आम्ही आत्ताच घरी आहोत."

साहेब हसले. हुकूम फळ्यावर तसाच राहिला.

नोकरी सोडता येत नव्हती. दोन वर्षं पुरी केली की आईसकट मला देशाबाहेर नेऊ, असा फौजेचा लेखी शब्द होता आणि माझे चारच महिने उरले होते. पण उघड्या तोंडाने जायची पहिली पाळी नेमकी माझ्यावर आली. दर मंगळवारी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींची सुनावणी असे, आणि ती कचेरी माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. माझी पाचावर धारण बसली. मी पांघरुणात शिरलो आणि आईला पढवून ठेवलं. मास्तर मला न्यायला थेट दारापर्यंत आले. आईच्या लेखी ते शीतगृहातलेच जुने कारकून.

"तो तापाने फणफणलाय हो," आई म्हणाली. "आज नाही यायचा."

मास्तर दोनदा खाकरले. "असू द्या. मीच जातो. त्याला म्हणावं, पांघरूण नीट घे."

पांघरुणातून मी ऐकत होतो. त्यांना सगळं कळलं होतं, आणि तरी ते गेले. गुरुवारी बसथांब्यावर दोन माणसांनी त्यांना गोळ्या घातल्या.

सुनावणी घेणाऱ्या कॅप्टनकडे जाऊन मी फडकं बांधायची परवानगी मागितली. माणूस भला होता. "माझ्या हातात काही नाही," म्हणाला आणि टेबलावरचे कागद सारखे करत बसला. पुढचा मंगळवार माझाच होता.

फडकं जमा करून मी कचेरीत पोचलो. ओल्या सिमेंटचा आणि क्लोरीनचा वास, आणि जमिनीखालून पंपाची घरघर. कॅप्टन टेबलाशी, त्याच्या डाव्या हाताला अर्धं पाऊल मागे दुभाष्याची खुर्ची. मी बसलो. खुर्ची कोमट होती.

एक बाई उठली. फौजेच्या ट्रकने तिची भिंत पाडली होती. "मी दोन लेकरं घेऊन ताडपत्रीखाली राहते," ती म्हणाली. दुभाष्यानेही तिथे 'मी'च म्हणायचं असतं, तसा नियम आहे. मी तोंड उघडलं आणि आधी दोनदा खाकरलो. मला ती खोड कधीच नव्हती.

सकाळपासून चेहऱ्याला झोंबत असलेला गारवा तेव्हा गेला. डोळ्यांखालून हनुवटीपर्यंत काहीतरी ऊबदार येऊन बसलं, फडकं बांधावं तसं. मी हळूच हात लावून पाहिला. फडकं नव्हतं, दाढीचे खुंट होते... आणि मी तर निघताना गुळगुळीत दाढी केली होती.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत मला आमच्या गल्लीच्या तोंडावरचा टायरवाला दिसला. रोज मला "काय, शीतगृह काय म्हणतंय?" विचारणारा.  तो सरळ माझ्याकडेच बघत होता. संपलं, मला वाटलं. पण त्याचाच चेहरा राखेसारखा झाला.

"मास्तर...?" तो पुटपुटला. "तुम्ही... पण गुरुवारी तर..."

खुर्ची पाडून तो बाहेर पळाला. कॅप्टनने मान वळवली नाही. दुभाष्याकडे बघायची त्याला सवयच नव्हती.

खरं सांगतो, मला आनंद झाला. लाज वाटावी इतका. फडकं काढून घेतलं तर मास्तरांनी स्वतःचा चेहरा माझ्यावर पांघरला होता. त्या क्षणी त्यांचे पाय धरले असते मी. आज आईला सगळं खरं सांगायचं, असं ठरवूनच घरी आलो.

दुपार होती. आईने कडीची साखळी न काढता दार किलकिलं केलं. आई म्हणून हाक मारायला गेलो, आणि दोनदा खाकरलो.

"मास्तर, तुम्ही?" आई हलक्या आवाजात म्हणाली. "आजही नाही हो जमायचं... अजून फणफणलाय. गेल्या मंगळवारपासून अंथरुणातच आहे."

तिच्या खांद्यावरून माझी खाट दिसत होती. पांघरूण डोक्यावरून ओढलेलं होतं. त्याखाली कुणीतरी कूस बदलली आणि कण्हलं. आवाज माझा होता.

आई, तो मी नव्हे, मी इथे आहे, असं मला ओरडायचं होतं. माझ्या तोंडून शब्द आले ते असे: "असू द्या. मीच जातो."

आईने हळूच दार लावून घेतलं.

पुढचे चार महिने दर मंगळवारी मीच गेलो. मला कुणी हात लावला नाही. मेलेल्याला कोण मारणार? दोन वर्षं भरली, यादी लागली. यादीवर नाव माझं, फोटो माझा, पण त्या फोटोतला चेहरा आता माझ्याकडे नव्हता. फाटकावरच्या शिपायाने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि मला बाजूला केलं. मग आई आली. तिच्या हाताला धरून, अंगाभोवती पांघरूण लपेटलेला एक जण आला. शिपायाने फोटो पाहिला आणि दोघांना आत सोडलं. आईने जाताना माझ्याकडे बघून नमस्कार केला. परक्या माणसाला करतात तसा.

अजून तिची पत्रं येतात, कचेरीच्या पत्त्यावर, मास्तरांच्या नावाने. एकटा असलो की तीच वाचतो. मुलाचा ताप कधीच उतरला, तिकडची हवा त्याला मानवली, जेवतोखातो, आईला जपतो. परवाच्या पत्रात तेवढी एक काळजी लिहिली आहे. औषधं झाली, डॉक्टर झाले, पण एक खोड काही केल्या जात नाही. बोलण्याआधी हल्ली तो दोनदा खाकरतो.