खोडलेला चष्मा

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. मीही आधी हसलोच होतो. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मावशी राईचा पर्वत करणारी बाई नाही.

गेल्या महिन्यातला गुरुवार. तेही भर सकाळी अकरा वाजता.

मावशी एका ऑर्केस्ट्रात कामाला आहे. सिनेमाची गाणी वाजवणारा नव्हे. सत्तर वादक, समोर कंडक्टर, तसला. तळघरात नोटेशनची पानं असतात, ती सांभाळायची. नवा सीझन सुरू व्हायच्या आधी त्यांवरच्या पेन्सिलच्या जुन्या खुणा खोडायच्या.

एक खूण सगळेच वादक काढतात. छोटासा चष्मा. म्हणजे, इथे पानात डोकं घालून बसू नकोस, वर बघ.

सगळ्यात जास्त चष्मे काढायचे मास्तर. चाळीस वर्षं चेलो वाजवला, या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या खुर्चीवर आता काका, म्हणजे मावशीचे यजमान, बसणार होते.

मावशीने मास्तरांची पानं खोडली. दुसऱ्या दिवशी पाहते तर...

शेवटच्या ओळीवर चष्मा.

राहिला असेल म्हणून तिने पुन्हा खोडला.

तो परत आला. या वेळी पेन्सिल इतकी दाबलेली, की कागद फाटायला आलेला.

घरी सांगितलं तर काका म्हणाले, "अगं, तुलाच चष्मा लागलाय! डॉक्टरकडे जा."

मावशी चिडली. रागाच्या भरात तिसऱ्यांदा खोडला आणि पानं स्टँडवर ठेवून आली. तिथेच चुकलं.

गुरुवारी तालीम सुरू झाली. मावशी विंगेत उभी होती. शेवटची ओळ जवळ आली तशी ती एक पाऊल पुढे सरकली. काका पानात डोकं खुपसून वाजवत होते.

आणि वरून आवाज आला...

कुर्रर्र...

"अहो, वर बघा!" मावशी किंचाळली.

काकांनी वर पाहिलं आणि बाजूला उडी मारली. छताला टांगलेला भलामोठा दिवा खुर्चीवर कोसळला. खुर्चीचा पार चुरा झाला.

काका वाचले. आणि ओरडले कशासाठी, तर चेलोला चरा गेला म्हणून!

दुपारी मावशीने सीझनच्या पुढच्या कार्यक्रमाचं पार्सल फोडलं. पानं कोरी, छापखान्यातून सीलबंद आलेली. आधी काकांचं पान उघडलं.

चष्मा.

मग शेजारच्याचं...

चष्मा.

सत्तरच्या सत्तर. वाद्यं वेगळी, पानं वेगळी, पण सुरावटीतली जागा एकच.

मॅनेजर म्हणाले, "बाई, दिवे सगळे बदललेत. खोडा आणि मोकळ्या व्हा. पोस्टर लागलीत."

काकाही हटून बसलेत. "मास्तरांची खुर्ची मी रिकामी ठेवणार नाही."

मावशीने खोडरबर फेकून दिलाय. कार्यक्रम येत्या शनिवारी आहे. ती विंगेत उभी राहणार आहे.

काल फोनवर रडत होती. मला म्हणाली, "सत्तर जणांना एकदम हाक मारायची, तर एकटीचा आवाज पुरेल का रे?"