काचेच्या पेटीतली पिल्लं

आठवा डोळाही स्वच्छ निघाला, तेव्हा मीनाताईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली.

"भगीरथ, या पिल्लांना औषध दिलंच नव्हतं ना?"

"नाय मॅडम. एकालापन नाय."

गोम इथेच होती. शहापूरबाहेरच्या या छोट्या प्रयोगशाळेत सिद्धगडच्या एका वेलीतलं द्रव्य तपासत होते. उंदरांची पिल्लं आईसकट पाच दिवस प्राणवायूच्या पेटीत ठेवायची. बाहेर काढली की डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या माजतात. मग निम्म्यांना द्रव्य टोचायचं आणि फरक बघायचा. इथे मुळात रोगच झाला नव्हता. सहा महिन्यांची तयारी पाण्यात गेली होती.

संचालक ओमकार सरांनी निकालही देऊन टाकला होता. पेटी सांभाळणाऱ्या भगीरथने ती चालवलीच नाही, वैशाखरे गावी घरी बसून प्राणवायूचे आकडे लिहिले. उद्यापासून त्याची नोकरी बंद. चौकशीला बाहेरून आलेल्या मीनाताईंना ते पटेना. पेटी बंद ठेवली तर रोग होणार नाही आणि आपणच सापडू, हे भगीरथला ठाऊक असणार; तो स्वतःचं वाटोळं कशाला करेल?

"प्राणवायूचे सिलिंडर किती लागले?"

"दर खेपेला दोन पुरतात. या टायमाला चार."

पेटीला गळती नव्हती. ती मीनाताईंनी स्वतः तपासली. पाच दिवसांत त्या हवेने मादी खंगते, ही चांगली गुटगुटीत होती. पिंजऱ्यातल्या तुसात ओव्याचे दाणे सापडले. आकडे सकाळी, दुपारी एकला आणि संध्याकाळी लिहिले जात. एकनंतर भगीरथ जेवायला जाई, सर तर बहुधा मुंबईतच. झाडलोट करणाऱ्या हौसाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पेटी? मी वरून पुसते नुसती."

संध्याकाळी मीनाताईंनी सर, भगीरथ आणि हौसाबाई अशा तिघांना बसवलं.

"पेटी चालवलीच नसती तर सिलिंडर उरले असते. ते दुप्पट लागले, कारण पेटी उघडली की प्राणवायू निघून जातो आणि यंत्र तो पुन्हा भरतं. भगीरथचे आकडे खरे आहेत. तो बघायचा तेव्हा पेटी भरलेली असायची. पण रोज दुपारी कोणीतरी पिल्लं बाहेर काढत होतं, तासन्‌तास. आणि त्यांच्या आईला बाळंतिणीसारखा ओवा चारत होतं. पुरुषांना हे सुचत नाही, हौसाबाई."

हौसाबाईंनी नाकारलं नाही.

"माजी नात औंदा सातव्या महिन्यात झाली. काजल. तिलापन असल्याच पेटीत ठेवली, हवा सोडली. जीव वाचला, डोळं गेलं. ही पिल्लं बघवत नव्हती मला."

पिल्लांना रोग मुद्दाम लावतात, काजलसारख्या बाळांसाठीच हे औषध शोधतात, असं मीनाताईंनी समजावून सांगितलं. ओमकार सर खाली बघत होते. दोन वर्षांत या बाईला कोणी एवढंही सांगितलं नव्हतं.

"मंग माज्या काजलला दिसंल?"

"नाही. तिच्यासाठी उशीर झाला. तिच्यामागून जन्मणाऱ्यांना कदाचित."

हौसाबाई भगीरथकडे वळल्या.

"माज्यापायी तुजी नोकरी जात होती रे. मला ठावं नव्हतं." पदराने तोंड पुसून त्या मीनाताईंना म्हणाल्या, "लावा पेटी परत. मी हात नाय लावनार. फक्त ते पाच दिवस मला त्या खोलीत धाडू नका."