रिकामा हॉल

मास्तरांना हाक मारली की ते घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून "आलो!" म्हणून ओरडायचे आणि तासाभराने उगवायचे. "ह्यांचं आलो म्हणजे गेल्यात जमा," असं त्यांची बायको हयातभर म्हणत राहिली. मग ती गेली. पाठोपाठ मास्तरांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली आणि उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. ज्या हाताच्या इशाऱ्यावर अख्खा बँड चालायचा, तो आता मावशी उचलून पुसायच्या आणि परत मांडीवर ठेवायच्या. मावशी म्हणजे उपचार केंद्रात त्यांचं सगळं बघणारी बाई.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, हात उठायचा तर आत्ताच, नंतर नाही. त्यांच्या थोरल्या मुलीने ते मनावर घेतलं. ती नाटकांची प्रकाशयोजना करायची, धाकटा भाऊ संगीत द्यायचा. केंद्राच्या हॉलला तिने काळे पडदे लावले, छतापासून जमिनीपर्यंत तारा सोडल्या आणि तारांवर मण्याएवढे दिवे ओवले. वर कॅमेरा. माणूस तारांमध्ये शिरला की तो जिथे असेल तिथले दिवे लागायचे आणि धाकट्याने भरलेले सूर वाजायचे. खाली बासरी. उजव्या खांद्याच्या वर मात्र क्लॅरिनेट, कारण बाबांचा जीव क्लॅरिनेटवर.

"ती ऐकायची असेल तर उचलतील हात झक मारत," थोरली म्हणाली.

एवढ्यासाठी यंत्राला आधी रिकामा हॉल शिकवावा लागे. सगळ्यांनी बाहेर जायचं, दार लावायचं, कॅमेऱ्याने रिकामी जागा लक्षात ठेवायची. पुढे तिच्यात जिथे फरक पडेल तिथे दिवा. माणूस आत आला तरी फरक, आणि असलेली वस्तू कुणी उचलून नेली तरी फरकच.

"रिकामपण शिकवायचंय ना, मग मला आत बसव," धाकटा म्हणाला. "माझ्याइतका रिकामटेकडा तुला कुठे मिळणार?"

"चल, बाहेर हो."

संगणकाच्या पडद्यावर 'रिकामा' अशी अक्षरं उमटली. दार उघडून बघतात तो खिडकीपाशी दिव्यांचा पुंजका लागलेला, बसलेल्या माणसाएवढा. बासरी हलकेच वाजत होती.

"तिथलं स्टूल तू उचललंस?"

"मी तुझ्याबरोबर बाहेर होतो, ताई. आणि तिथे स्टूल नव्हतंच."

थोरलीने तारा तपासल्या, कॅमेऱ्याची काच पुसली, सगळ्यांना बाहेर काढून हॉल पुन्हा शिकवला. आता खिडकीपाशी काळोख होता. पुंजका मात्र हॉलच्या मध्याकडे सरकला होता. पुन्हा शिकवलं, तेव्हा तो बाबांच्या खुर्चीसाठी तिने खडूने जिथे खुणा केल्या होत्या, थेट तिथे आला.

"म्हणजे आपण बाहेर असताना तिथे काहीतरी असतं," धाकटा सावकाश म्हणाला, "आणि आपण दार उघडलं की ते नसतं." या खेपेला त्याला विनोद सुचला नाही.

"यंत्र बिघडलंय, दुसरं काय!"

"मग आज राहू दे ना."

"अजिबात नाही. आज त्यांचं मन लागलंय. सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलेत, मावशींना विचार."

"बसलेत खरे," मावशी म्हणाल्या. "पण कुणाची वाट बघताहेत कोण जाणे! तुम्ही दोघं तर सकाळपासून त्यांच्यासमोरच होतात."

थोरलीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मावशींनी चाकाची खुर्ची तारांमधून आत नेली, चाकं खडूच्या खुणांवर टेकवली आणि त्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. आता दिवे वाढायला हवे होते.

ते विझले.

थोरलीच्या लक्षात आलं. दिवे विझले म्हणजे फरक उरला नाही. रिकाम्या हॉलमध्ये जे कोणी बसलं होतं ते याच चणीचं होतं, याच खुर्चीत होतं, आणि त्याची मानही अशीच डावीकडे कललेली होती.

एक दिवा तेवढा राहिला होता, बाबांच्या उजव्या खांद्याच्या वर. क्लॅरिनेटचा एकच सूर धरून. त्या बसलेल्याचा हात तिथे होता. बाबांचा नव्हता.

"राहू द्या," ती म्हणाली, "हात नका उचलू."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते दिव्याकडे बघत होते. मांडीवरची बोटं हलली. मग मनगट. हात थरथरत, अडखळत वर निघाला.

"ताई, बघ! अगं, उचलला!" धाकटा रडायलाच लागला. मावशींनी टाळ्या वाजवल्या.

थोरली इतके महिने याच क्षणासाठी झुरली होती. आता तिला धावत जाऊन तो हात खाली ओढावासा वाटला.

हात दिव्यापाशी पोचला.

दिवा विझला. क्लॅरिनेट थांबली. मावशींच्या टाळ्याही थांबल्या.

मिट्ट काळोखात फक्त पडद्यावरची अक्षरं दिसत होती. रिकामा.

मग तारांमधून बाबांचा आवाज आला, पूर्वीसारखा खणखणीत.

"आलो!"

थोरलीने तर अजून हाक मारली नव्हती.