धाकट्याच्या माथी

“तुम्ही चुकीच्या घरी फोन केलात. इथं तुमचं कोणी राहत नाही!”

सासूबाईंनी फोन ठेवला आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात त्या पुन्हा मटार सोलायला बसल्या; पण बोटं शेंगेवरच थबकली होती, आणि स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभ्या असलेल्या सुनेच्या काळजात चर्र झालं! पलीकडे कोण होतं हे विचारायची गरजच नव्हती. स्वतःच्या पोटच्या मुलाला परक्यासारखं ‘तुम्ही’ म्हणावं, असा या घरात एकच अपराधी होता... धाकटा.

आणि तो अपराध त्याचा नव्हता!

बंदराच्या शहरापासून बसने अर्ध्या तासावरची ती वस्ती अशी शांत, की एखाद्या घरी दुपारी कुकरची शिट्टी झाली तर चार घरं पलीकडे कळावं. समुद्र दिसायचा नाही. वारा फिरला की खारट वास तेवढा यायचा. सासरे, म्हणजे नाना, बंदरात मोठ्या जहाजांना धक्क्याशी ओढून आणणाऱ्या बोटीवर छत्तीस वर्षं राबले आणि निवृत्त होऊन या शांततेत राहायला आले. पण इथं आल्यावर त्यांचं मन हळूहळू पुसलं जायला लागलं... आधी शेजाऱ्यांची नावं, मग नातलगांचे चेहरे, मग तर बायकोचंही नाव! विसरले नाहीत ती फक्त कामाची वेळ. दुपारचे तीन वाजले की बूट शोधत फिरायचे. “अगं, माझी पाळी चुकेल! बोट सुटेल!”

म्हणून धाकट्याने फाटकाला वरच्या बाजूला, नानांच्या ध्यानात येणार नाही अशी, एक कडी बसवली होती. जो शेवटी बाहेर पडेल त्याने ती लावायची, असा नियमच होता घरात.

त्या दिवशी शेवटी बाहेर पडली होती ती सूनच. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात ती कामाला होती. सातवा महिना चाललेला, आधी दोनदा कूस रिकामी झालेली, डॉक्टरांनी शंभर गोष्टी बजावलेल्या. वर हात केला की पोट ताणलं जायचं. फाटक नुसतं लोटून घेताना तिच्या मनात आलं, ‘राहू दे आजच्या दिवस... भाऊजी आहेत घरात, ते निघताना लावतीलच.’

भाऊजी तिच्या आधीच निघून गेले होते. सासूबाई आत पडल्या होत्या.

नाना सापडले संध्याकाळी, बंदराच्या जुन्या धक्क्यापाशी, पाण्यात.

“शेवटी कोण गेलं बाहेर?” सासूबाईंचा तो प्रश्न आठवला की तिला अजूनही दरदरून घाम फुटायचा. तिने तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं! पण धाकट्याने एकवार तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे... आणि तो पुढे झाला. “मी, आई. माझ्याकडून राहिली कडी.”

“माझा माणूस गिळलास रे! जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस मला!”

आठ दिवसांत तो जहाजावर वायरमन म्हणून गेला. मूल झालं की सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. मुलगी झाली, मग वाटलं, अंगावरची सुटली की सांगू... मग शाळेत जायला लागली की... सहा वर्षं गेली! तिच्या बाळंतपणात सासूबाईंनी रात्रीचा दिवस केला. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, “सून असावी तर अशी, सासूला फुलासारखं जपते!” आणि तो प्रत्येक शब्द निखाऱ्यासारखा तिच्या अंतःकरणावर पडायचा. ती जपत होती म्हणे... ती नुसती भीत होती!

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. ती मागच्या अंगणात धावली.

“वहिनी, आईचा आवाज थकल्यासारखा वाटला. बरं आहे ना तिला?”

“भाऊजी... कुठं आहात तुम्ही?”

“इथंच, बंदरात. सकाळी लागलं जहाज, सहाला सुटेल. म्हटलं, लांबून का होईना, एकदा बघावं तिला... जाऊ दे. चिमुरडी कशी आहे?”

“मी सांगते त्यांना. आत्ता सांगते!”

“वेड्या आहात का? घर मोडेल, वहिनी! माझ्या एकट्याच्या बाहेर राहण्यावर भागलंय ना? भागू दे.”

भागू दे! त्याच्या त्या साध्या शब्दाने तिच्या सगळ्या सबबी गळून पडल्या. सासूसाठी, नवऱ्यासाठी म्हणजे घरातल्या थोरल्यासाठी, लेकीसाठी आपण गप्प राहिलो असं ती स्वतःला समजावत आली होती. पण हे घर ज्याच्या जिवावर उभं होतं, त्यालाच उंबरा बंद होता! ती तशीच आत गेली आणि सासूबाईंच्या पायाशी जमिनीवर बसली.

“आई, कडी मी लावली नव्हती.”

“कसली कडी?”

“फाटकाची... त्या दिवशी. भाऊजी माझ्या आधीच गेले होते. मला वर हात करवेना, मी तशीच निघाले. त्यांनी माझ्यासाठी... माझ्या पोटातल्या जिवासाठी स्वतःवर घेतलं. आणि मी गप्प बसले, आई! सहा वर्षं गप्प बसले!”

सासूबाईंच्या मांडीवरचं ताट कलंडलं, हिरवे दाणे जमिनीवर चहूकडे घरंगळत गेले. कोणीच ते गोळा केले नाहीत.

“मी त्याला हाकललं...” त्या पुटपुटल्या. मग त्यांचा आवाज चढला. “रोज माझ्यासमोर बसून जेवलीस, माझ्या हातात लेक दिलीस, आणि एकदाही तुझी जीभ उचलली नाही?”

“हाकला मला, आई. मी त्याच लायकीची आहे.”

सासूबाईंनी हात उगारला... आणि तो तसाच खाली आला. मग त्या बोलल्या, तेव्हा तो आवाज त्यांचा वाटेचना.

“मी झोपले नव्हते त्या दुपारी.”

सुनेने वर पाहिलं.

“फाटक वाजलेलं ऐकलं होतं मी. उठून पाहिलं, तर ह्यांची खुर्ची रिकामी. आणि माझ्या मनात काय आलं माहितीये? सुटले! घटकाभर सुटले! तीन वर्षं डोळ्याला डोळा लागला नव्हता ग... म्हटलं, कोपऱ्यापर्यंत जातील नि येतील, तोवर जरा पाठ टेकू. मी पाठ टेकली, सूनबाई! आणि दोष द्यायला कोणीतरी हवं होतं, म्हणून पोराला धरलं. त्याने हो म्हटलं, तेव्हा खोलात शिरलेच नाही. मला सोयीचं होतं ते!”

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या, जणू पहिल्यांदाच भेटत होत्या.

“किती वाजले?” सासूबाईंनी एकदम विचारलं.

“साडेतीन.”

“चपला घाल. थोरला कामावरून येताना चिमुरडीला शाळेतून घेऊन येईल. आणि आज आल्यावर त्याला सगळं सांगायचंस तू, एक अक्षर न गाळता. माझंही सांगायचं.”

बसमधूनच सुनेने धाकट्याला ‘बंदराच्या दारापाशी या’ एवढंच कळवलं होतं. तो निळ्या कपड्यांत आला, तेव्हा तिने त्याला चालण्यावरून ओळखलं. कानशिलं पांढरी झाली होती. आईला पाहताच तो जागीच थिजला. सासूबाई भरभर पुढे गेल्या आणि मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसत्या बघत राहिल्या.

“किती वाळलास रे!”

“आई, वहिनींचा दोष नाही, त्यांना काही...”

“गप! दुसऱ्यांचं ओझं उचलायची खोड जाईल का तुझी?” आणि मग त्या खांबासारख्या ताठ बाईने लेकाच्या छातीवर डोकं टेकलं. “मला माफ कर बाळा. मी तुझी आई असून तुला विचारलंसुद्धा नाही...”

तो आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, तिनेच त्याला लहानपणी थोपटलं असेल तसा.

वहिनी दूर उभी होती. तिने हात जोडले. धाकट्याने ओल्या डोळ्यांनी मान हलवली, आणि भोंगा झाल्यावर आत जाता जाता वळून म्हणाला, “चार महिन्यांनी सुट्टी आहे. घरीच येतो!”

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

“तुला माफ केलं असं आज म्हणणार नाही मी,” त्या म्हणाल्या. “उगाच खोटं कशाला? खोटं पुष्कळ झालं आपल्या घरात.”

“हो, आई.”

“मलाही तू लगेच माफ करू नकोस.”

सुनेचा बांध तिथंच फुटला. भरल्या बसमध्ये, लोक वळून बघत असताना, ती हमसून हमसून रडायला लागली. सासूबाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्याकडे ओढलं, आणि मग त्यांचेही हुंदके आवरेनात... सहा वर्षं आपापलं पाप दडवण्यात दोघींना साधं रडायलाही फावलं नव्हतं. त्या संध्याकाळी, धक्क्याकडून घरी येताना, त्या दोघी पहिल्यांदाच नानांसाठी रडल्या.