नाडी अठ्ठावन्न, श्वास बारा

शनिवारी सकाळी दारात आलेली मुलगी रडून आली आहे, हे भाऊजींच्यासुद्धा लक्षात आलं. एरवी त्यांच्या लक्षात फारसं काही येत नसे. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून ते निवृत्त झाले होते आणि थोरल्या भावाच्या पश्चात वहिनींच्या खासगी चौकशी-कचेरीत मदतनीस म्हणून बसत. मदत म्हणजे चहा पिणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं, असं वहिनींचं म्हणणं होतं.

मुलगी नर्स होती. अंगाने एवढीशी, म्हणून हॉस्पिटलात तिला सगळे चिमणी म्हणत. गेल्या वर्षी वहिनींचा गुडघा बदलला, तेव्हा तिनेच त्यांना रागावून, लाडीगोडी लावून पुन्हा चालायला लावलं होतं. त्यामुळे ती वहिनींना घरच्यासारखीच होती.

भाऊजी सकाळपासून छातीत धडधडत असल्याची तक्रार करत होते. चिमणीने डोळे पुसले आणि बसायच्या आधी त्यांचं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"नाडी चौऱ्याऐंशी, श्वास अठरा. काही झालेलं नाही, चहा कमी करा."

"श्वास कधी मोजलास?" भाऊजींनी विचारलं.

"मनगट धरलं होतं तेव्हाच. तुमचं लक्ष हाताकडे, माझं तुमच्या छातीकडे. मोजतेय म्हणून सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. स्वतःचा तर कुणालाच नीट मोजता येत नाही."

मग तिने आपली कहाणी सांगितली. गुरुवारी तिची दुपारी दोनची पाळी होती. रात्रीची नर्स आली नाही, म्हणून तिला सक्तीने थांबवलं गेलं. शुक्रवारी सकाळी सातला सुटली ती सरळ हॉस्पिटलमागच्या खोलीवर गेली, गजर लावला आणि बुटांसकट पलंगावर पडली. दोनला पुन्हा पाळी होती. जाग आली ती साडेतीनला, हॉस्पिटलच्या डॉक्टरने दार ठोठावलं तेव्हा. कुणी आजारपणाची रजा घेतली की खरोखर आजारी आहे का, हे बघायला डॉक्टर घरी येतो, असा तिथला नियम होता. डॉक्टरला अंगात ताप सापडला नाही.

"पण मी रजा घेतलीच नव्हती. मी कुणाला फोनच केला नाही. वॉर्डच्या वहीत मात्र नोंद आहे. फोन केला म्हटलं तर खोटं आजारपण. नाही म्हटलं तर न कळवता गैरहजर. दोन्हींत नोकरी जाते. आज चारला बोलावलंय."

इकडे आड, तिकडे विहीर. भाऊजींना तिची फार दया आली.

"उठलीस तेव्हा खोली कशी होती?" वहिनींनी विचारलं.

चिमणीने आठवून सांगितलं. गजर बंद होता, तो तिनेच झोपेत बंद केला असणार. बूट पलंगाखाली होते, नाड्या सोडलेले. अंगावर चादर होती आणि पायाकडे गादीखाली इतकी घट्ट खोचलेली की पाय बाहेर काढताना ती धडपडली.

"तू नाड्या सोडतेस?"

"मी? मी बूट नुसते झटकते."

वहिनी उठल्या आणि पायात चपला सरकवू लागल्या.

हॉस्पिटलचा व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता, पण नर्सा कमी आणि वॉर्ड जास्त यात त्याचा पार पिट्ट्या पडला होता. तीन महिन्यांतलं हे चिमणीचं तिसरं आजारपण, एकीला सूट दिली तर उद्या सगळ्याच अंथरूण धरतील, असं तो म्हणाला. त्याच्यामागे खुंटीवर कोट होता आणि कोटाआड काचेच्या चौकटीत सेवानियम. वहिनी कोट बाजूला सारून बराच वेळ त्या चौकटीपुढे उभ्या राहिल्या. त्या काचेत बघून केस सारखे करत आहेत, असं भाऊजींना वाटलं. त्यांना स्वतःला चष्म्याशिवाय एवढंच दिसलं की नववा नियम विश्रांतीचा आहे.

"हे नियम कुणी केले?"

"मीच," व्यवस्थापक अभिमानाने म्हणाला.

चिमणीच्या खोलीत राहणारी उंच सिस्टर औषधांचं कपाट लावत होती. तिने भडाभडा सगळं सांगितलं. शुक्रवारी सकाळपासून ती वॉर्डातच होती. खोलीला कुलूप, एक किल्ली तिच्याकडे, एक चिमणीकडे आणि एक मोठ्या सिस्टरच्या टेबलाच्या खणात. चिमणी आली नाही की सक्तीने थांबायच्या यादीत पहिलं नाव हिचंच होतं.

"पण मला कुणी थांबवलंच नाही हो. दोनला मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तू जा घरी. मी काय, सुटले."

वॉर्डच्या प्रमुख मोठ्या सिस्टर आपल्या टेबलाशी बसल्या होत्या. कपाळावर कायमची आठी. त्यांच्या धाकाने पेशंटसुद्धा वेळेवर बरे होतात, असं वॉर्डात म्हणत. निवृत्तीला तीन महिने उरले होते. सुजलेल्या पावलांवर बुटांच्या नाड्या त्यांनी सैल सोडल्या होत्या. वहिनींनी नोंदवही मागितली. शुक्रवार, बारा वाजून वीस मिनिटं, चिमणीचं नाव आणि कारण: ताप १०२, नाडी ५८, श्वास १२.

"फोन तुम्ही घेतलात?"

"नोंद माझ्या हातची आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटली.

बाहेर येताच भाऊजींनी निकाल दिला. उंच सिस्टरनेच आवाज बदलून फोन केला, दोघींचं भांडण असणार. वहिनी म्हणाल्या, जिच्या रजेमुळे आपल्याच गळ्यात दुसरी पाळी पडणार, तिची रजा मांडायला ती काय वेडी आहे?

चारला व्यवस्थापकाच्या खोलीत सगळे जमले. चिमणी दाराजवळ उभी होती. मोठ्या सिस्टर तिच्याकडे बघत नव्हत्या.

"फोन आलाच नव्हता," वहिनींनी सुरुवात केली. "आजारी माणूस फोनवर ताप सांगेल. श्वास कोण सांगतं? स्वतःचा तो मोजता येत नाही. म्हणजे हे आकडे तिच्याजवळ बसून दुसऱ्या कुणी घेतले. भाऊजी, मुलांना धावायला लावल्यावर नाडी काय होते?"

"वाढते."

"तापातही वाढते. १०२ ताप आणि नाडी ५८, श्वास १२? हे आकडे गाढ झोपलेल्या धडधाकट माणसाचे आहेत. ताप खोटा, पण बाकीचे दोन खरे. लिहिणारीला एकच खोटं जमलं. पुढचं हाताने सवयीने लिहून टाकलं, कारण ते तिने खरंच मोजलं होतं."

वहिनी पुढे बोलत राहिल्या.

"खोलीची तिसरी किल्ली एकाच खणात असते. चादर पायाशी खोचायची ती पद्धत नर्सचीच, आणि उंच सिस्टर तेव्हा वॉर्डात होती. यादीतल्या कुणालाही न थांबवता ती दुपारची पाळी कुणी केली, ते ज्यांचे पाय सुजलेत त्यांना विचारा. आणि फोन आला असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. खोटं लिहिलं, पण बोलवेना."

मोठ्या सिस्टरनी खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. तो त्यांचा राजीनामा होता, सकाळीच लिहून ठेवलेला.

"हिला थांबवलं मीच," त्या म्हणाल्या. "नियमच आहे. सकाळी हिच्या हातात भलत्याच पेशंटचं औषध होतं. मी धरला हात. बाराला बघायला गेले तर बुटांसकट झोपलेली. हाक मारली, हलवलं, उठेना. घाबरून नाडी बघितली. नाडी चांगली होती हो. नुसती दमली होती पोर. बूट काढले, गजर बंद केला. वहीत दमण्याला कारण म्हणत नाहीत. मग ताप लिहिला. डॉक्टर त्याच दिवशी जाईल, हे डोक्यातच आलं नाही."

चिमणी रडायला लागली. भाऊजींनी खिसे चाचपले, पण रुमाल नेहमीप्रमाणे घरी होता.

व्यवस्थापकाने राजीनामा हातात घेतला. मग जड आवाजात म्हणाला की खोटी नोंद ती खोटी नोंद, आणि मुलगी गैरहजर होती हेही खरंच.

"नव्हती," वहिनी म्हणाल्या. त्यांनी खुंटीवरचा कोट काढून भाऊजींच्या हातात दिला. "नववा नियम वाचा. तुम्हीच केलाय."

व्यवस्थापकाने वाचला. सलग सोळा तास काम झाल्यास पुढचे दहा तास कामावर बोलावू नये.

"दुपारी दोन ते सकाळी सात. सतरा तास. संध्याकाळी पाचपर्यंत तिची पाळी लागतच नव्हती. जिथं यायचंच नाही, तिथं गैरहजर कशी? आणि रजाही घ्यायची नव्हती, मग आजारपण खोटं कसलं? चूक पाळ्यांच्या तक्त्याची आहे."

व्यवस्थापकाने तो नियम दोनदा वाचला. मग चिमणीला कामावरून काढायचं तयार ठेवलेलं पत्र फाडलं आणि राजीनामा मोठ्या सिस्टरकडे परत सरकवला. नोंदीबद्दल तुम्हाला लेखी ताकीद द्यावीच लागेल, असं तो म्हणाला. "द्या," त्या म्हणाल्या, "चुकलेच मी." कोट पुन्हा त्या खुंटीवर टांगायला मात्र त्याने भाऊजींना मनाई केली.

वॉर्डात येऊन मोठ्या सिस्टरनी वही उघडली. वॉर्डातलं लिहिलेलं कधी खोडायचं नाही, एकच रेघ मारायची आणि खाली सही करायची, हे त्यांनीच चिमणीला शिकवलं होतं. त्यांनी 'ताप १०२'वर एक रेघ मारली, वेळ घातली, सही केली. पुढच्या दोन आकड्यांना हात लावला नाही.

"ते खरे आहेत," त्या पुटपुटल्या, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: झोप.

मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. चिमणी खाली बसली, तिने त्यांचे बूट काढले आणि सुजलेली पावलं स्टुलावर ठेवली. मोठ्या सिस्टर रागावल्या, वॉर्डात हे काय चालवलंयस म्हणाल्या. चिमणीने त्यांचं मनगट धरलं.

मोठ्या सिस्टरनी डोळे मिटले. भाऊजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट झालं, दोन झाली, तरी चिमणी मनगट सोडेना.

"श्वास मोजतेय," ते वहिनींच्या कानाशी जाणकारासारखे म्हणाले.

"नाही हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मोजून केव्हाच झालंय. चला आपण."