ध्रुव, मेरू की अढळ?

संगणकाचं मरण आधी दाखवायचं आणि किंमत मागाहून सांगायची, ही रीत एव्हाना गावोगावच्या दुकानांत रुळली होती. सांगलीत, विश्रामबागच्या सदाशिव बाबरांच्या दुकानातही तेच चाले. पसंत पडलेल्या यंत्रावर हात ठेवायचा, ‘हेच न्यायचं’ असं मनाशी पक्कं करायचं, की समोरच्या पडद्यावर हिरवी रेषा उमटे. ती रेषा म्हणजे त्या यंत्राचं पुढचं सगळं आयुष्य.

जयवंत दिवाणांना मात्र अजून एकदाही रेषा दिसली नव्हती. ते आले की पडद्यावर नुसतं धुकं. वीजमंडळातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी आजवर साधा मिक्सरसुद्धा दोन मेहुणे, सगळे शेजारी आणि एक जुने साहेब यांना विचारल्याशिवाय घेतला नव्हता. त्यामुळे हात यंत्रावर असला, तरी मन ‘बघू, विचारून सांगतो’ यातच अडकलेलं असे.

“काका, यंत्रात काय बी खोट नाही,” बाबर समजावत. “तुम्ही आधी पक्कं करा की. तुमचं ठरंना, तर त्यानं तरी काय दाखवायचं?”

खरं तर दिवाणांची सावधगिरी अगदीच अनाठायी नव्हती. काही वर्षांपूर्वी दूरच्या साठवण-केंद्रांमध्ये ठेवलेले लोकांचे फोटो, आवाज आणि कागदपत्रं एका रात्रीत गेली होती. तेव्हापासून घरचं ते घरातच ठेवायचं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि टेबलावरचा ठोकळा, म्हणजे घरसंगणक, पुन्हा घरोघरी आला. दिवाणांची पत्नी शैलजाबाई रोज दुपारी अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून त्यात साठवत. गेल्या महिन्यात तो संगणक बसला आणि त्यांचं सगळं वाचन त्याच्याबरोबर गेलं. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. “आता टिकेल असा आणा. पुन्हा हे सगळं वाचायचं त्राण माझ्यात नाही,” एवढंच म्हणाल्या.

त्यांचा तो पडलेला चेहरा आठवून दिवाणांनी त्या सकाळी दुकानातल्या ‘ध्रुव’ नावाच्या संगणकावर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणालाही न विचारता ठरवलं. धुकं निवळलं. हिरवी रेषा उमटली, सरसर पुढे सरकली आणि सातव्या वर्षाच्या अलीकडे थांबली.

“सात वर्षंसुद्धा नाहीत? आणि हमी पंचवीस वर्षांची देता?”

ध्रुव बाजूला सारून त्यांनी ‘मेरू’वर हात ठेवला. रेषा तिथेच थांबली. सर्वांत महागाचा ‘अढळ’. तोही तिथेच!

“बाबर, तिन्ही कंपन्यांचा माल एकाच गुदामातून उचलता की काय?” दिवाणांचा आवाज चढला. “थांबा, माझी भाची इथेच आहे. ज्या प्रयोगशाळेनं ही तपासणी काढली तिथेच ती असते. तिलाच बोलावतो.”

बाबर पाठमोरे होऊन उगाचच फडताळ पुसू लागले.

डॉ. ईरा साने सुट्टीला मामाकडे आली होती. ती हसतहसतच दुकानात शिरली. मामानं अखेर काहीतरी ठरवलं, याचंच तिला नवल वाटत होतं.

“आधी मला सांग,” दिवाण म्हणाले, “पुढचं आत्ता दिसतंच कसं? मी वीजमंडळात हयात घालवली. तार जोडल्याशिवाय दिवा लागलेला मी पाहिला नाही.”

“दरीत हाक मारली की प्रतिध्वनी मागाहून येतो ना, मामा? काही स्फटिकांमध्ये याच्या उलट घडतं. आवाज व्हायच्या आधीच त्याचा पडसाद येऊन पोहोचतो. आम्ही त्याला ‘पूर्वनाद’ म्हणतो. प्रत्येक घरसंगणकात असा एक स्फटिक असतो. यंत्र पुढे जेव्हा जेव्हा सुरू होणार, तेव्हाचा बारीकसा ठोका त्यात आजच उमटतो. ते यंत्र कुठल्या घरी जाणार हे ठरेपर्यंत सगळे ठोके एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून धुकं दिसतं.”

“म्हणजे ही रेषा नव्हेच?”

“नाही. हे सगळे ठोके आहेत. जवळजवळ आहेत, म्हणून रेषेसारखे दिसतात.”

तिनं बोटांनी पडदा मोठा केला. रेषा सुटी झाली आणि तिच्यातून हजारो हिरवे ठिपके वर आले. रोजचे दोन. एक सकाळचा, एक दुपारचा.

दिवाण पडद्याजवळ सरकले. सकाळी चहा झाला की संगणक लावून शब्दकोडं सोडवायचं, ही त्यांची सवय. दुपार शैलजाबाईंची. अजून न उगवलेल्या सकाळी तिथे ओळीनं मांडलेल्या होत्या आणि त्या प्रत्येक सकाळी ते उठणार होते, चहा पिणार होते, बटण दाबणार होते. त्यांच्या अंगावर काटा आला. एवढं मोठं काही आपल्याला दाखवलं जावं, असं आपण काय केलंय, असं त्यांना वाटलं. इतका आनंद आणि इतकी भीती त्यांना एकाच वेळी कधीच वाटली नव्हती.

“हा उद्याचा का गं?” एका ठिपक्यावर बोट ठेवून त्यांनी हळूच विचारलं.

ईरा रेषेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहत होती आणि तिचं हसू मावळलं होतं.

“मामा, यंत्र बिघडतं तेव्हा शेवटचे ठोके वेडेवाकडे होतात. कधी लागतं, कधी लागत नाही. इथे तसं काही नाही. शेवटचा ठोकाही अगदी स्वच्छ आहे.”

“मग थांबलं कशानं?”

“थांबलेलं नाही. यंत्र चांगलं आहे. तिन्ही चांगली आहेत.” तिनं पडद्यावरचं बोट काढून घेतलं. “पुढे ते कुणी लावत नाही.”

दिवाणांना पोरबाळ नव्हतं. घरात दोघंच.

“म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचं असं होतं कधीकधी,” बाबर खाली मान घालून म्हणाले. “आम्ही पीस खराब निघाला म्हणतो आणि त्यांच्या पोराला हात ठेवायला लावतो. तुम्हाला काय सांगायचं, ते मला सुचंना काका.”

“मी नेईन तो संगणक,” ईरा घाईघाईनं म्हणाली. “मामीचं वाचन मी जपेन. मी रोज...”

आणि ती थांबली. ती नेणार असती, तर ठोके पुढेही दिसले असते. आपण काय करणार नाही, हे तिला तिच्याच शोधानं आत्ता सांगितलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवाणांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“तुला कुठला वेळ, बाळ? त्याचं काय एवढं!” मग ते म्हणाले, “आणि मी घेतलाच नाही, तर?”

“तर रेषा दिसणार नाही. एवढंच.”

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पाचव्या वर्षाच्या पुढे कुठेतरी सकाळचे ठिपके संपले होते. तिथून शेवटपर्यंत फक्त दुपारचे.

“आधी मी जातो तर,” ते म्हणाले. “बरं झालं. तिचं वाचन तरी चालू राहतं.”

ईरानं होकारार्थी मान हलवली. पण दिवाण अजून पाहतच होते. समजा, शैलजाच आधी गेली. मग सकाळचं शब्दकोडं त्यांना सुटलं असतं का? त्यांनी ते उघडलंही नसतं. ते दुपारची वाट पाहत बसले असते, तिच्या वेळेला तिच्या खुर्चीत बसून संगणक लावला असता आणि अंध मुलांसाठी वाचलेल्या गोष्टी ऐकत राहिले असते. ते ठिपकेही असेच दिसले असते. अगदी असेच. पुढची सारी वर्षं दाखवणारं ते अद्भुत यंत्र, त्या खुर्चीत कोण बसलंय, एवढं मात्र सांगू शकत नव्हतं. ईराला ते विचारण्यात अर्थ नव्हता.

“अढळ द्या, बाबर,” ते म्हणाले. “आणि आजच पोहोचवा. दुपारच्या आत.”

संगणक घरी आला. शैलजाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, पदरानं काच पुसली आणि चष्मा लावून खुर्चीत बसल्या. नवं पुस्तक उघडून त्यांनी घसा खाकरला, मग काहीतरी आठवून मागे वळल्या.

“अहो, ती रेषा बघितलीत ना नीट? किती वर्षं टिकेल हा?”

दिवाण दारात उभे होते. बाईंनी बटण दाबलं आणि काच उजळली.

“आपल्याला पुरेल,” ते म्हणाले.