बाईसाहेब घर सोडून जातात

काकाला रीत म्हणून कशी ती नव्हतीच!

घरात कुणी नवं माणूस आलं, तर आपण त्याला उचलून थेट वडीलधाऱ्यांच्या ताटात नेऊन बसवतो का? काकानं नेमकं तेच केलं. ट्रकमधून कापसाच्या गाठी उतरवताना दोन गाठींच्या फटीत त्याला मांजराचं एक पिल्लू सापडलं. ते त्यानं मानगुटीला धरून जिना चढून वर आणलं आणि दूध पीत बसलेल्या बाईसाहेबांच्या पुढ्यात धप्पकन सोडलं.

"घ्या! तुम्हाला मैत्रीण आणलीय!"

बाईसाहेब म्हणजे या घरची म्हातारी मांजर. राखाडी अंग, चारी पायांत पांढरे मोजे, आणि चालणं असं की जिना जणू त्यांच्यासाठीच बांधलाय. पिल्लानं आल्या आल्या एक गिरकी घेतली, पुढचे दोन्ही पाय दुधात बुचकळले आणि बाईसाहेबांच्या शेपटीला लोंबकळलं. बाईसाहेबांनी एकदाच "फिस्स!" केलं आणि खिडकीतून निघून गेल्या.

"रुसल्या!" काका हसला. "त्यांना नवी गादी करून देतो, मग बघा कशा खूश होतात!"

घराच्या खालीच गाद्या-उशांचं दुकान होतं. काकानं बाईसाहेबांची जुनी, मळकी, मधोमध खोलगट झालेली गादी उसवली आणि ताज्या कापसाची, लाल खोळीची टुमटुमीत गादी शिवून कोपऱ्यात ठेवली. संध्याकाळी बाईसाहेब आल्या. त्यांनी नवी गादी हुंगली. कोपरा हुंगला. मग कुणाकडेही न बघता त्या पुन्हा बाहेर पडल्या. त्यानंतर त्या कधीतरी समोरच्या भिंतीवर दिसायच्या. घरात मात्र पाऊल नाही!

पिल्लाचं नाव पडलं भिंगरी. पडदे, सुतळ्या, ताईची वेणी, सगळ्यांवर तिची मालकी! टिकली, म्हणजे तिघा भावंडांतली सगळ्यात धाकटी, तिला क्षणभर खाली ठेवायची नाही.

आजी दोन दिवस हे सगळं बघत होती. दुकान तिचं, घर तिचं, आणि शेवटचा शब्दही तिचाच. तिसऱ्या दिवशी तिनं तो उच्चारला.

"बाईसाहेब या घरात आधी आल्यात. शनिवारी कापसाचा ट्रक येईल. तोवर त्या घरात येऊन झोपल्या नाहीत, तर हे पिल्लू आलं तसं ट्रकमधून गोदामात परत."

"आजी, गोदामात कुत्री आहेत!" टिकलीचा आवाज चिरकला. "ट्रकवाल्यानंच सांगितलं!"

"मग म्हातारीनं या वयात दारोदार हिंडायचं होय?"

 टिकलीनं भिंगरीला फ्रॉकच्या ओच्यात गुंडाळलं आणि जिन्याखाली जाऊन बसली. ताई आणि मधला भाऊ चष्म्या तिच्या मागोमाग आले.

"रडून काय होणारे?" ताई म्हणाली. ती तिघांत मोठी, त्यामुळे हुकूम सोडायची तिला सवय. "बाईसाहेब बाहेर आहेत, पण वाळल्या नाहीत की मळल्या नाहीत. म्हणजे त्या कुठंतरी मजेत आहेत. कुठं, ते शोधायचं!"

"गुप्तपणे!" चष्म्यानं चष्मा वर सरकवला.

"तू गुप्तपणे? काल पाणी प्यायला उठलास तर अख्खं घर जागं झालं!"

दुपार झाली. पिंजणयंत्र घरघरत होतं आणि कापसाचे तंतू दुकानाच्या दारातून बाहेर येऊन उन्हात तरंगत होते, कुठं जायचं ते ठरलंच नसल्यासारखे. सगळी गल्ली पेंगुळली होती. भिंतीवर बाईसाहेब उठल्या, कमान करून आळस दिला आणि चालू लागल्या. तिघं खालून त्यांच्या मागे. पत्र्याचं छप्पर, शिडी, फुलांच्या कुंड्यांची रांग. बाईसाहेब स्वप्नात चालाव्यात तशा चालत होत्या, आणि बघता बघता मुलांची पावलंही तशीच पडायला लागली.  चष्म्यासुद्धा कुठं धडपडला नाही!

गल्लीच्या टोकाला बाईसाहेब एका उघड्या खिडकीतून आत उतरल्या. आत शेकडो घड्याळं टिकटिकत होती, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं.

"या, या!" घड्याळवाले आजोबा म्हणाले. डोळ्याला भिंग लावून ते चक्क उभ्यानं काम करत होते. त्यांच्या खुर्चीत, निळ्या आसनावर, बाईसाहेब गोल होऊन डोळे मिटत होत्या.

"आजोबा, तुम्ही उभे का?"

"बसू कुठं? हे आसन तुमच्याच काकाकडून भरून आणलं. पहिल्या दिवशी जेमतेम टेकलो, तोच या बाई आल्या. उठवायला गेलो, तर यांनी असं बघितलं की मीच माफी मागितली!"

टिकली खुदकन हसली. चष्म्या मात्र गुडघ्यावर बसून आसन चाचपत होता. गादीवाल्यांच्या घरातली मुलं ती, बोटांना कापूस कळायचाच.

"ताई, हात लाव. नवा कापूस असा गोळे गोळे लागतो?"

ताईनं हात लावला. मग शिवणीतून डोकावणारा एक पुंजका चिमटीत धरून ओढला. कापूस पिवळट होता, आणि त्यात गुंतले होते बारीक राखाडी केस!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाईसाहेबांची जुनी गादी!" टिकली ओरडली. "त्या रुसल्या नव्हत्याच! त्या त्यांच्या अंथरुणामागं गेल्या!"

"घरात एक तर दांडगं पिल्लू, वर स्वतःचा वासही नाही," ताई हळूच म्हणाली. "त्यांना वाटलं असेल, हे आपलं घरच नाही."

"आणि काकानं गिऱ्हाइकाला जुना कापूस भरून दिला," चष्म्या म्हणाला. हे मोठ्यानं म्हणताना त्याचाही आवाज खाली गेला. आजीच्या दुकानात असं कधी झालं नव्हतं.

"काका कबूल करायचा नाही," ताई म्हणाली. "पण बाईसाहेब करतील! आजोबा, हे आसन थोडा वेळ द्याल? बदल्यात खरं नवं आणून देऊ!"

"न्या बाई. माझे पाय तुम्हाला दुवा देतील."

शुक्रवारी दुपारी दुकानात जाजमावर आसनांची एक रांग लागली. लाल, हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची, आणि मध्ये कुठंतरी निळं. भिंगरीला वरच्या खोलीत कोंडलं होतं. आजी खुर्चीत बसून सुईत दोरा ओवत होती.

"हा काय बाजार मांडलाय?" काकानं विचारलं.

"खेळ आहे!" ताई गोड आवाजात म्हणाली. "काका, या सगळ्यांत एकसारखाच कापूस ना रे?"

"म्हणजे काय! आपल्या दुकानातला कापूस! सगळा एकच!"

"आणि बाईसाहेबांचा जुना?"

"तो टाकला! कधीच!"

चष्म्यानं बाईसाहेबांना हलकेच खाली ठेवलं. पिंजणयंत्र बंद होतं. हवेत राहिलेले तंतू सावकाश खाली येत होते. बाईसाहेबांनी लाल हुंगलं, पुढं गेल्या. हिरवं, पुढं. पट्ट्यांचं तर बघितलंही नाही. निळ्याशी आल्या, त्याच्यावर चढल्या, पंजांनी दोनदा मळलं आणि गोल होऊन झोपल्या. दुकानभर घुर्र घुर्र ऐकू येऊ लागलं.

आजीनं सुई खोचून ठेवली. उठली. आसनाच्या शिवणीत बोट घातलं, चिमूटभर कापूस काढून उजेडात धरला. काकाचे कान लाल झाले.

"घड्याळवाल्यांना घाई होती गं," तो पुटपुटला. "मोकळा कापूस बाईसाहेबांच्या नव्या गादीतच संपला. नवी गाठ कोण फोडणार... म्हटलं, एवढ्याशा आसनात कुणाला कळतंय..."

आजीनं त्याला हातानंच थांबवलं. "आधी लेकरांचं काम. मग तुझं. काय गं, आता पुढं काय ठरवलंयत?"

ताईनं सांगितलं. निळं आसन उसवून तो कापूस बाईसाहेबांच्या गादीत परत भरायचा. त्यातलाच मूठभर एका पिटुकल्या उशीत घालायचा आणि ती भिंगरीला झोपायला द्यायची, म्हणजे तिच्या अंगाला घरचा वास लागेल. दोघींच्या मध्ये बंद दार. दाराच्या अलीकडे एकीची वाटी, पलीकडे दुसरीची.

"भांडल्या तर?"

"तर दार बंदच," टिकली म्हणाली. "पण भांडणार नाहीत. मी भिंगरीला समजावलंय!"

त्या संध्याकाळी दाराच्या फटीखालून एक छोटा पंजा बाहेर आला. बाईसाहेबांनी तो पाहिला. हुंगला. फिस्स केलं नाही! शनिवारी सकाळी ताईनं दार बोटभर उघडलं, मग हातभर. भिंगरी उधळतच बाहेर आली आणि थेट बाईसाहेबांच्या नाकावर आदळली. टिकलीनं डोळे गच्च मिटले.

फाट्! बाईसाहेबांनी एक ठेवून दिली. नखं आत घेऊन, शिस्तीत. भिंगरी मटकन बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती गप्प होती! मग बाईसाहेबांनी तिचा कान दातांत धरला, तिला जवळ ओढलं आणि चाटायला घेतलं.

खाली ट्रकचा भोंगा वाजला. टिकलीनं एक डोळा उघडला. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा गादीवर पसरला होता, आणि त्यात एक मोठा राखाडी गोळा नि एक छोटा, एकाच श्वासानं वर-खाली होत होते. कोण कुठं संपतं तेच कळत नव्हतं. 

"जा, ट्रकवाल्याला सांग," आजी टिकलीला म्हणाली, "गाठी उतरव म्हणावं. परत न्यायचं काही नाही."

टिकली दोन-दोन पायऱ्या उतरत सुटली. आजीनं ताईच्या डोक्यावर हात ठेवला, चष्म्याचा चष्मा पदरानं पुसून दिला. "तुम्ही पोरं दुकान चालवाल," ती म्हणाली. याहून मोठं कौतुक त्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

काका दारात उभा होता. त्याच्या हातात घड्याळवाल्यांसाठी नवं आसन होतं, आजीच्या डोळ्यांसमोर गाठ फोडून भरलेलं.

"देऊन येऊ का?" त्यानं हळूच विचारलं.

"थांब," आजी म्हणाली. "गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही, म्हणून त्याच्या बुडाखाली तू काहीही सारलंस. आजपासून तू भरलेलं प्रत्येक आसन, प्रत्येक उशी आधी बाईसाहेबांपुढं ठेवायची. त्यांनी पाठ फिरवली तर गिऱ्हाइकाला द्यायची. आणि त्या बसल्या ना, तर मुकाट्यानं उसवायची आणि पहिल्यापासून भरायची! कळलं? आण इकडं ते आसन. झोपल्या आहेत त्या, उठेपर्यंत उभा राहा!"